सातवा बार

आमच्या गावात सामुदायिक विहिरीचा विषय निघाला की अजूनही एक गोष्ट सांगतात. बहात्तरच्या दुष्काळात ती विहीर खोदताना सुरुंग मोजणाऱ्याचं मोजणं चुकलं, सहा उडालेले असताना त्यानं सात सांगितले, आणि खाली उतरलेल्या एका तरण्या माणसाचे दोन्ही डोळे गेले. ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता तीही माणसं हे स्वतः बघितल्यासारखं सांगतात. ही गोष्ट खोटी आहे. मोजणं चुकलं नव्हतं. गोष्ट पहिल्यांदा सांगणारा मी होतो, म्हणून ती मोडायचं कामही माझंच आहे. त्याला मला पन्नास वर्षं लागली.

मी त्या विहिरीच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. मॅट्रिक पास, वय सत्तावीस, घरची जमीन बरी. येडशीच्या स्टेशनापासून दोन कोसांवर आमचं गाव. दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात गावातल्या सगळ्या आडांचे तळ दिसायला लागले, तेव्हा आम्ही सोसायटी करून सगळ्यांच्या मालकीची एक विहीर घ्यायचं ठरवलं. सगळ्यांची म्हणजे बौद्धवाड्याचीसुद्धा, असा ठराव मीच माझ्या अक्षरात लिहिला होता. त्याचा मला अभिमान होता. तो किती पातळ होता ते पुढं कळलं.

वीस फुटांखाली काळा पाषाण लागला. त्यात सुरुंगाशिवाय इलाज नव्हता. सकाळपासून घण मारून खडकात हातभर खोल भोकं पाडायची, संध्याकाळी त्यात दारूच्या कांड्या भरायच्या, वर मातीनं ठासायचं, वाती बाहेर ठेवायच्या. दोघंजण पेटत्या विडीनं वाती पेटवून शिडीनं वर यायचे आणि सगळे दगडांच्या ढिगाआड पळायचे. एका सुरुंगाला आम्ही एक बार म्हणायचो. जितकी भोकं भरली तितके बार ऐकू आलेच पाहिजेत. एक जरी कमी ऐकू आला तरी खाली जिवंत कांडी राहिली असं धरायचं आणि दुसरा दिवस उजाडेपर्यंत कुणी उतरायचं नाही. बार नेहमी संध्याकाळी उडवायचे ते यासाठीच. रात्र आपोआप मध्ये पडायची, कुणाचा वेळ जायचा नाही.

मोजायला एक माणूस नेमलेला होता. बौद्धवाड्यातला, चाळिशीचा. तरुणपणी खडीच्या खाणीत काम केलेला. बाकीचे कानात बोटं घालून बसायचे. या माणसाला ती सोय नव्हती, कारण त्याला मोजायचं असायचं. विहिरीच्या पूर्वेला एका बांधाआड तो उकिडवा बसायचा, एक तळहात जमिनीवर टेकवायचा, मान खाली घालून डोळे मिटायचा. दोन बार एकमेकांच्या पाठीला लागून उडाले तरी त्याला ते वेगळे कळायचे. म्हणायचा, कान चुकला तर हात सांगतो. सगळे बार झाले की दोन्ही हात वर करून बोटं दाखवायचा. त्याच्या बोटांवर आठ माणसांचा जीव असायचा.

वयानं तो माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठा. पण मी त्याला नावानं हाक मारायचो, अरे-तुरे करायचो, आणि तो मला अण्णा म्हणायचा. त्या काळी यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. निदान माझ्या बाजूच्या कुणाला. इथून पुढं मी त्यांना अहो-जाहो करणार आहे. त्यांना त्याचा आता काही उपयोग नाही, हे मला माहीत आहे.

अपघाताच्या पंधरा दिवस आधी दुपारी भाकरी खाऊन मी लिंबाखाली हजेरीचं पुस्तक लिहीत होतो. ते जवळ आले, उभेच राहिले.

"अण्णा, एक सांगायचं व्हतं."

"बोल की."

"माज्या कानात वाजायलंय."

मी हसलो. "काय वाजायलंय? बँड?"

"तापल्या तव्यावर पानी टाकल्यावर चर्र व्हतंय न्हाय का, तसं. पर ते थांबतं. हे थांबतच न्हाय. धा-बारा दिस झालं. बायकोनं करडीच्या तेलात लसूण कडवून घातलं. येडशीच्या बाजारात कान कोरणाऱ्याला दावलं, त्यो म्हनला मळ न्हाय, कान साफ हाय. मग कोण वाजवतंय आत?"

"बारानं दणाणलं असंल. जाईल."

"जात न्हाय. माणसं गप झाली की जास्ती येतं. अण्णा, मोजायला दुसरं कुणाला तरी बसवा. म्या घण मारतो."

मी पेन बंद केलं. दुसरं कुणी नव्हतं, म्हणजे मला शोधायचं नव्हतं. आठ माणसांचा त्यांच्यावर भरवसा होता. मोजणाऱ्याचा कान बिघडला हे कळलं असतं तर त्यांतली निम्मी तरी दुसऱ्या दिवशी आली नसती. मी म्हणालो, "हे बघ, ही गोष्ट कुणाला बोलू नको. विहीर झाली की मी स्वतः तुला उस्मानाबादला डॉक्टरकडं नेतो. तवर कापूस घाल."

"कापूस घातल्यावर मोजू कसं?"

मी म्हणालो, "बार उडायच्या वेळेला काढ." ते घणाकडं गेले.

हे एवढं सगळं मला आठवतं. ज्याला नंतर मी आठवत नाही म्हणालो, तेही आठवतं.

अपघाताच्या दिवशी टँकर येऊन तीन दिवस झाले होते. सकाळी खडकाला ओल दिसली. हात लावला तर पाण्याचा ओघळ नाही, नुसता घाम. पण तेवढ्यानं गाव विहिरीवर लोटलं. बायका घागरी घेऊन लिंबाखाली येऊन बसल्या, म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या. कुणी काही मागत नव्हतं, नुसत्या बसून होत्या. मला ते बघवेना. किंवा आज खरं लिहायचं तर, त्या दिवशी पाणी मी लावलं असं व्हावं, असंही मला वाटत होतं. मी सांगितलं, संध्याकाळची वाट बघायची नाही, दुपारीच सात बार भरा, उडवा, दगड काढा, संध्याकाळी आणखी सात. एका दिवसात दोन वेळा बार आम्ही कधी उडवले नव्हते. गँगमधला एकजण म्हणाला, "सेक्रेटरी, मधी रात पायजे." मी म्हणालो, "सात ऐकू आले की रात कशाला पायजे?"

दुपारी दीडच्या सुमाराला वाती पेटवल्या. गँग पलीकडच्या बाजूला ढिगाआड होती. मी अलीकडं, मोजणाऱ्याच्या बांधापासून पंधरा पावलांवर. मीही कानात बोटं घातली होती, त्यामुळं मला मोजता येणं शक्य नव्हतं. धूर उसळला, दगडांचा पाऊस पडला, मग सगळं शांत.

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी डोळे उघडले नव्हते. डावा हात पूर्ण उघडा, पाच बोटं. उजव्या हाताचं एक बोट. मग तो उजवा हात त्यांनी तळवा माझ्याकडं करून हलवला. थांबा. डोळे उघडून माझ्याकडं बघून पुन्हा सहा बोटं दाखवली आणि पुन्हा हात हलवला. चेहरा रडवेला झाला होता. कानाकडं बोट करून मान हलवली, म्हणजे सातवा झाला की नाही ते मला सांगता येत नाही.

ढिगापलीकडून ओरडले, "किती?"

त्यांना हे हात दिसत नव्हते. लिंबाखालच्यांनाही बांधामुळं दिसत नव्हते. फक्त मला दिसत होते. मी लिंबाकडं बघितलं. तिथं शंभर-सव्वाशे घागरी होत्या. मला वाटलं, दोन बार एकदम उडाले असणार, याला कानातल्या आवाजामुळं कळलं नाही. तसं वाटलं हे खरं. पण वाटलं म्हणून मी ओरडलो नाही. मी ओरडलो, "सात. सात म्हणतोय त्यो. उतरा."

माझं नाव घेऊन मी सात म्हणालो असतो तर कुणी उतरलं नसतं. म्हणून मी त्यांचं नाव घेतलं.

ते माझ्यापासून पंधरा पावलांवर होते, पण कानात दुपारचे बार घुमत होते, त्यांना माझं ओरडणं ऐकू गेलं नाही. शिडीवरून उतरणाऱ्याचं डोकं खाली जाताना त्यांनी बघितलं आणि ते दोन्ही हात हलवत विहिरीकडं पळाले. आमच्यात पहिला उतरणारा एकटाच उतरायचा, पहारीनं सुटे दगड चाचपायला. तो बावीस वर्षांचा होता, लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. त्याची पहार कांडीवर बसली.

तो वाचला. दोन्ही डोळे गेले, उजव्या हाताची दोन बोटं गेली. बैलगाडीतून येडशीला, तिथून जीपनं दवाखान्यात. मी गाडीत त्याच्या उशाशी बसलो होतो. तो एकच विचारत होता, "सात झाले व्हते ना?" मी म्हणालो, "त्यानं सात सांगितले होते रे." खोटं दुसऱ्यांदा बोलणं पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

चौकशीला आलेल्या जमादारानं विहिरीच्या काठावर सतरंजी टाकून जबाब घेतले. माझा जबाब मी स्वतःच लिहून दिला, कारण माझं अक्षर चांगलं होतं. त्यात मी दोन गोष्टी लिहिल्या. मोजणाऱ्यानं सात बार झाल्याचं सांगितलं, ही एक. त्याच्या कानात काही दिवसांपासून बिघाड होता आणि तो त्यानं लपवून ठेवला, ही दुसरी. पंधरा दिवसांपूर्वी लिंबाखाली त्यांनी ज्या विश्वासानं सांगितलं होतं ते मी त्यांच्यावरच उलटवलं. माझ्यानंतर त्यांना उभं केलं. ते म्हणाले, "म्या सहा दावले, सायेब. थांबा म्हनलो." जमादारानं विचारलं, "तुझ्या कानात वाजतंय का?" ते म्हणाले, "व्हय." "मग तुला काय कळणार सहा का सात?" आजूबाजूचे काही जण हसले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी सतरंजीचा दोरा उसवत होतो.

पाचव्या दिवशी विहिरीला पाणी लागलं. बौद्धवाड्याचा वाटा ठरावात होता, पण ठराव कागदावर राहिला. सगळ्यांचं भरून झाल्यावर त्यांच्या बायकांनी भरायचं, अशी रीत पडली. कुणी विरोध केला की म्हणायचे, "तुमच्यापायी एकाचे डोळे गेले, आधी ते बघा." सेक्रेटरी मी होतो. ठराव माझ्या अक्षरात होता. मी काही बोललो नाही.

गावाला एक नवीन टवाळी मिळाली. ते चावडीवरून निघाले की कट्ट्यावरून कुणीतरी विचारायचं, "किती झाले रे?" दुसरा म्हणायचा, "त्याला कुठं ऐकू येतंय, बोटं दाव." ते मान खाली घालून जायचे. कान गेलेत म्हणून गप आहे, असं कुणी म्हणायचं. मन खातं म्हणून गप आहे, असंही म्हणायचे. डोळे गेलेला तो पोरगा घराच्या उंबऱ्यात बसायचा. त्यांच्या चपलांचा आवाज त्याला ओळखू यायचा. तो थुंकायचा.

दोन वर्षांत त्यांनी गाव सोडलं. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावर एका गावात पिठाच्या गिरणीवर कामाला लागले. बायको आणि एक मुलगी बरोबर होती.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं ते दहा-अकरा वर्षांनी. पुन्हा पाऊस दगा देऊ लागला होता. सोसायटीच्या कामानं त्या भागात गेलो होतो. गिरणी दिसली. आपण जाऊ नये असं वाटत असतानाच मी आत गेलो. पट्टा जोरात फिरत होता, पीठ उडत होतं, कानाजवळ तोंड नेल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. भुवयांपर्यंत पिठानं पांढरे झालेले ते माझ्याकडं बघून हसले. खरंच हसले. डब्यावरचं पीठ फडक्यानं झटकून मला बसायला जागा केली.

मी ओरडून विचारलं, "एवढ्या आवाजात कसं काय काम करता?" त्या दिवशी तोंडातून पहिल्यांदा "करता" निघालं.

"हितंच बरं वाटतंय," ते ओरडले. "पट्टा चालू असला की आतलं गप बसतंय. घरी गेलो की सुरू. म्हनून मालकाला म्हनलो, सुट्टी नको."

एवढ्यात लाईट गेली. पट्टा गरगरत मंद झाला आणि थांबला. बाहेर चिमण्या ऐकू आल्या. त्यांचा चेहरा माझ्यासमोर बदलला. डोळे बारीक झाले, जबडा आवळला गेला. दोन्ही तळहात त्यांनी कानांवर दाबून धरले, मग काढले, कारण दाबून काही कमी होत नाही. दुपार होती, उजेड होता, शेजारी एक बाई ज्वारीची पाटी घेऊन उभी होती. आणि हा माणूस आमच्या डोळ्यांसमोर एकटाच कुठंतरी अडकला होता. मला काही करता येत नव्हतं.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "अण्णा, एक इचारू?"

"विचारा."

"त्या दिवशी म्या किती बोटं दावली व्हती? तुमी जवळ व्हता. म्या सहाच दावली असं मला वाटायचं. लई वर्सं वाटायचं. पर आता कानाचं खरं न्हाय तर बोटाचं तरी काय खरं? रोज मोजतो बगा. कदी सहा येतंय, कदी सात. बायको म्हनती, इसरा. पर एकदा तुमच्या तोंडून कळलं म्हंजी सुटलो. जे असंल ते सांगा."

इतकी सोपी वेळ माझ्या आयुष्यात दुसरी आली नाही. गिरणीत तिसरं कुणी ऐकणारं नव्हतं. ती बाईसुद्धा दारात सावलीला गेली होती. मला एक आकडा सांगायचा होता. पण सहा म्हणालो तर पुढं सगळंच सांगावं लागलं असतं. तोवर मी तालुक्याच्या राजकारणात होतो, लोक मला मान द्यायचे. मी म्हणालो, "आता आठवत नाही हो नीट. पण सातच असावीत."

ते मान हलवत राहिले. "सातच," म्हणाले. "मग माजंच चुकलं."

आणि मी लगेच म्हणालो, "चला, मी तुम्हाला सोलापूरला कानाच्या डॉक्टरकडं नेतो." बारा-तेरा वर्षांपूर्वी लिंबाखाली कबूल केलेलं.

चार दिवसांनी आम्ही तुळजापूरवरून एस.टी.नं गेलो. त्यांनी ड्रायव्हरच्या मागची जागा पकडली, इंजिनाची घरघर जवळ असावी म्हणून. डॉक्टर तरुण होते, शांत बोलणारे. त्यांनी कानात उजेड टाकून बघितलं, एक चिमट्यासारखं वाजणारं लोखंड कानाजवळ धरलं, मग विचारलं, "पूर्वी मोठ्या आवाजाजवळ काम केलंय?" मी सांगितलं, विहिरीवर सुरुंग मोजायचे. "कानात काही न घालता?" मी हो म्हणालो.

डॉक्टरांनी समजावलं ते मला अजून पाठ आहे, कारण आता तेच मला दुसऱ्या डॉक्टरानं सांगितलं आहे. कानाच्या अगदी आत भाताच्या कुसळाहून बारीक केस असतात. आवाज आत नेतात ते. मोठ्या धमाक्यानं ते मोडतात आणि परत उगवत नाहीत. मेंदूला तिकडून जो आवाज यायला हवा तो येत नाही, म्हणून मेंदू आपला आपणच आवाज करत बसतो. हे वेड नाही, भूतबाधा नाही, कानात किडा नाही. आणि याला औषधही नाही. "सवय करायची," ते म्हणाले. "अगदी शांत जागी बसायचं नाही. बारीकसा दुसरा आवाज चालू ठेवायचा, रेडिओ, पंखा, पाण्याची धार. लक्ष तिकडं गेलं की हा आवाज मागं पडतो. पण गिरणी ताबडतोब सोडा. आज बरं वाटतंय, पण राहिलेले केसही ती मोडतेय."

हे मी त्यांच्या कानाशी ओरडून पुन्हा सांगितलं. ते ऐकत होते. मग डॉक्टरांना म्हणाले, "सायेब, ह्या कानापायी माज्या हातून एकाचे डोळे गेले. सहा झाले व्हते, म्या सात म्हनलो." डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "बाबा, असा आवाज असताना कुणाचंही मोजणं चुकेल. त्यात तुमचा दोष नाही." ते खुर्चीतच रडायला लागले. एवढ्या वर्षांत त्यांना कुणी असं म्हणालं नव्हतं. जे त्यांनी केलं नव्हतं त्याची माफी त्यांना मिळाली, आणि ती त्यांच्या कानात ओरडून सांगणारा मी होतो. डॉक्टरांचं हळू बोलणं पुरतं ऐकू आलं नसेल म्हणून मी पुन्हा सांगितलं: "तुमचा दोष नाही म्हणतायत."

परत आल्यावर त्यांच्या घरी गेलो. बायकोला डॉक्टरांचं सगळं सांगितलं. पाण्याची धार म्हणाल्यावर ती हसली. "प्यायला न्हाय आन ऐकायला कुटून आनू?" त्या साली तिथंही टँकर होता. एक जुना ट्रान्झिस्टर मी नेऊन दिला. सेल संपल्यावर तो फळीवर राहिला. गिरणी त्यांनी सोडली नाही. मी पुन्हा गेलो तेव्हा म्हणाले, "हितून गेलो तर ह्याला घिऊन कुठं जाऊ?" आणि कानाकडं बोट केलं. पुढच्या चार वर्षांत त्यांना बाहेरचं जवळजवळ काही ऐकू येईनासं झालं. आतलं मात्र ऐकू येत राहिलं. नव्वद साल उजाडायच्या आत ते गेले. मला तीन आठवड्यांनी कळलं.

मी आता एकोणऐंशी वर्षांचा आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या कानात सुरू झालं. शिट्टी व्हायच्या आधी कुकर जसा सूं करतो तसं, पण शिट्टी होत नाही. शिक्षा म्हणून आलं असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर हिशेब चुकता झाल्यासारखं वाटतं, आणि तो झालेला नाही. डॉक्टर म्हणाले, वयानं येतं. मी हिवाळ्यातही पंखा लावतो, उशाला रेडिओ बारीक ठेवतो, लक्ष दुसरीकडं वळवायला शिकतोय. दिवसातून तास-दोन तास आवाज मागं पडतो. माझ्यावर कुणी संशय घेत नाही, कट्ट्यावरून कुणी काही विचारत नाही, आणि तरीही मला हे सोसत नाही. तेव्हा कळलं की बोटांवरचा विश्वास कसा जातो.

गेल्या वर्षी मी डोळे गेलेल्याच्या घरी गेलो. तोही सत्तरीपार आहे, नातवंडांत आहे. त्याला सगळं सांगितलं. त्यानं चाचपून माझा हात धरला. मग म्हणाला, "अण्णा, मेलेल्या माणसाची बदनामी नको म्हनून तुमी आपल्यावर घेताय. मोठं मन हाय तुमचं."

"अरे, मीच ओरडलो होतो."

"ओरडला तुमीच. त्यानं सांगितलं ते ओरडला."

पारावर चार जणांना सांगितलं. त्यांनीही तेच केलं. एकजण म्हणाला, "वयामुळं होतं असं. कानात वाजायला लागलं की माणूस भलतंच ऐकतो." त्यात दुष्टपणा नव्हता. मला घरी सोडायला तो बरोबरही आला. माझं खोटं एका वाक्यात खरं झालं होतं. माझं खरं आता कुणी घ्यायला तयार नव्हतं.

मग मी वाशीला गेलो. त्यांची मुलगी तिथं शाळेत शिक्षिका होती, आता निवृत्त आहे. तिनं मला व्हरांड्यात बसवलं, पाणी दिलं. मी तिला सगळं सांगितलं. वडिलांना ती दादा म्हणते. संपल्यावर म्हणाली, "शेवटी शेवटी दादा अंगणात बसायचे. हात जमिनीवर. एक, दोन, तीन, अशी बोटं उघडायचे. सहावं उघडलं की थांबायचे आणि आईकडं बघायचे. आई म्हणायची, बरोबर आहे. तिला काही माहीत नव्हतं. ती आपली म्हणायची."

मी म्हणालो, "मी गावात सांगितलं. कुणी मानत नाही."

"तोंडी कोण मानेल?" ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही लिहून दिलं होतं ना? मग आताही लिहून द्या. तसंच, सहीनिशी." मी माफी मागायला तोंड उघडलं तर ती आत गेली आणि चहाचा कप घेऊन आली. माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "ते नको. लिहा."

म्हणून हे लिहिलं. याच्या दोन प्रती करणार आहे. एक तिला देईन, दुसरी सोसायटीच्या दप्तरात त्या वेळच्या माझ्या जबाबाच्या नकलेला जोडीन. कुणी वाचेल की नाही ते मला सांगता येत नाही. पण लिहायचं ते एवढंच.

त्या दुपारी सात सुरुंग भरले होते. मोजणाऱ्यानं डाव्या हाताची पाच आणि उजव्या हाताचं एक बोट दाखवलं, दोनदा दाखवलं, आणि थांबा म्हणून हात हलवला. मी पंधरा पावलांवर होतो. ऊन लख्ख होतं. मला स्पष्ट दिसलं होतं.